हिरव्या दराचा भार कोणाच्या शिरी?

गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव-नागझिऱ्याच्या रानाला लागून असलेल्या कोणत्याही खेड्यात डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी जावे. धान कापून झालेले असते, बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात आणि घरोघरच्या कवेलूंमधून धूर वर येत असतो. आत डोकावले तर दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. एक पेटलेली चूल, आणि दुसरी, कोपऱ्यात फडक्याने झाकून ठेवलेली गॅसची टाकी. टाकी आहे, नाही असे नाही. पण ती पाहुण्यांसाठी आहे, तापाच्या दिवसांसाठी आहे, सरपण भिजते त्या पावसाळ्यासाठी आहे. रोजचा भात चुलीवरच शिजतो.

या घरातल्या बाईला पर्यावरणाचे धडे द्यायला निघालेल्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. व्यासपीठांवरून, शाळांच्या संमेलनांतून, क्वचित आपल्या वेदीसमोरूनही एक वाक्य वारंवार कानी येते : "निसर्गाला न दुखावणाऱ्या वस्तू थोड्या महाग असतात खऱ्या, पण तेवढे मोल आपण द्यायलाच हवे." वाक्य सुंदर आहे. त्यातली भावनाही खोटी नाही. माझे भांडण आहे ते त्यातल्या 'आपण' या एका शब्दाशी. हे 'आपण' कोण? वसईच्या बंगल्यात राहणारा आणि गोंदियाच्या कवेलूंखाली राहणारी, असे दोघेही एकाच सर्वनामात कोंबले की हिशेब सोपा होतो. पण तो खरा राहत नाही.

वाढीव किंमत खरी आहे आणि ती कोणीतरी दिलीच पाहिजे, हे मला मान्य आहे. मात्र तिचे बिल ज्या पत्त्यावर पाठवले जाते, तो पत्ता चुकीचा आहे. एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. परंतु ते नीट सांगायचे तर आधी हिशेबाची वही उघडली पाहिजे.

पहिले पान त्या टाकीचेच. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातील स्त्रीला अनामत न भरता गॅसची जोडणी मिळाली. हे काम मोठे होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जोडणी एकदाच घ्यायची असते, टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरावी लागते. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत टाकीचा दर ११०३ रुपयांवर गेला होता. दोनशे रुपयांचे अनुदान वजा जाता उज्ज्वलेच्या ग्राहकाला ती ९०३ रुपयांना पडत होती. गोंदियापर्यंत वाहतुकीचा खर्च धरला तर त्याहून अधिक. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे एक टाकी साडेतीन दिवसांच्या मजुरीची. पुढे दर उतरले, अनुदान तीनशेवर गेले, राज्य शासनाने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन टाक्या मोफत देऊ केल्या. तरीही देशभरात उज्ज्वलेची ग्राहक स्त्री वर्षाकाठी सरासरी चारच्या आसपास टाक्या घेते. इतर कुटुंबे सहा-सात घेतात. उरलेला स्वयंपाक कशावर होतो, हे सांगायला तज्ज्ञ नको.

यावर कोणी म्हणेल, 'चूल फुकट आहे, म्हणून ती टाकी वापरत नाही.' चूल फुकट कशी? सरपणाची मोळी डोक्यावरून आणायला अर्धा दिवस जातो. ज्या रानातून ती येते, ते २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे; तेथे वाघ-अस्वलाची भीती आहे आणि वनरक्षकाचीही. धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, तो तिच्या आणि तिच्या काखेतल्या पोराच्या. रान विरळ होते ते वेगळेच. चुलीची किंमत टाकीहून कमी नाही. फक्त ती रुपयांत मागितली जात नाही, म्हणून ती आपल्या वहीत चढत नाही. जी वस्तू आपण 'स्वस्त' म्हणतो, तिच्या किमतीचा उरलेला भाग बहुधा दुसऱ्या कोणीतरी आधीच भरलेला असतो.

हा नियम एकदा ध्यानी आला की वहीचे दुसरे पान वाचणे सोपे जाते. ते पान तिरोड्याचे आहे. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच असलेले, एकूण ३३०० मेगावॅट क्षमतेचे कोळशावरील वीजकेंद्र उभे आहे. २०१२ ते २०१४ या काळात ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. त्यातली बहुतेक वीज महावितरण घेते आणि राज्याच्या जाळ्यात सोडते. वसई-विरारच्या धर्मग्रामांत सायंकाळी जे दिवे लागतात, तेही याच जाळ्यातले. अर्थात, गोंदियाच्या मातीत जळलेल्या कोळशाच्या उजेडात आपण हे त्रैमासिक वाचत असण्याची शक्यता बरीच आहे.

हा उजेड स्वस्त आहे, असे आपण मानतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये कोळशावरील वीजकेंद्रांच्या धुरासाठी कडक मर्यादा घातल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. धुरातील गंधक वेगळे काढणारी यंत्रणा बसवणे त्यामुळे ओघाने आले. ती यंत्रणा महाग. तिचा खर्च वीजदरात चढणार, हे उघड होते. मुदत वाढत गेली. पुन्हा वाढली. शेवटी ११ जुलै २०२५ रोजी मंत्रालयाने देशातील बहुतांश कोळसा-केंद्रांना गंधकाच्या त्या मर्यादेतून मोकळे केले. आपल्या कोळशात गंधक कमी असते, हवेतले त्याचे प्रमाण मर्यादेत आहे, असे युक्तिवाद झाले. खर्चाचा युक्तिवादही झालाच. महानगरांच्या आणि अतिप्रदूषित क्षेत्रांच्या जवळच्या केंद्रांना मात्र सूट सरसकट मिळाली नाही. याचा सरळ अर्थ काय होतो, तो वाचकांनीच लावावा. शहराच्या हवेसाठी वाढीव पैसे मोजण्याजोगे ठरले. खेड्याच्या हवेसाठी ठरले नाहीत. जो खर्च दरात चढायला हवा होता, तो नाहीसा झालेला नाही. तो फक्त बिलातून उतरून श्वासात गेला.

याच केंद्राची दुसरी एक हकीकत याहून बोधप्रद आहे. त्याच्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळसाखंड ठरले होते. ते ताडोबाच्या शेजारी आणि वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असल्यामुळे तेथील खाणीला पर्यावरण मंत्रालयाने मोडता घातला. रान वाचले, फार चांगले झाले. पण मग दुसरीकडून आणाव्या लागणाऱ्या महाग कोळशाचा भुर्दंड कोणी सोसायचा? हा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ती भरपाई वीजदरातून देण्याच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे वाघाचे रान राखण्याची किंमत महावितरणच्या वीजग्राहकांनी थोडी थोडी दिली. कोणी बोंब मारली नाही. बहुतेकांना कळलेही नाही. यातून एक गोष्ट सिद्ध होते. भार सगळ्यांवर पसरला तर तो उचलता येतो. प्रश्न ऐपतीचा नसतो, वाटणीचा असतो.

आता कोणी विचारील की, मुळात हिरवी वस्तू महाग का असावी? ती महागच असते, हा निसर्गनियम आहे काय? गोंदियाचा इतिहास याचे उत्तर 'नाही' असे देतो. या भागात आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या शेजारच्या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने कित्येक पिढ्यांपूर्वी उताराची जाण ठेवून ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव त्यांतलाच. तलावातून पाणी उताराने बोडीत आणि बांधीत येते. पंप नाही, डिझेल नाही, वीज नाही. यापेक्षा हिरवे सिंचन आजच्या कोणत्या कंपनीच्या सूचीपत्रात आहे? आणि ते स्वस्त का होते? तर पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाणी वाटणे, हे काम गावाने आपसांत वाटून घेतले होते म्हणून. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. जमीनदारी संपली हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि ते सांभाळण्याची गावाची जबाबदारीही सैल झाली. पाळी फुटल्या, गाळ साचला, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. मग विहिरी आल्या, पंप आले, विजेची बिले आली, आणि आता त्या पंपाला सौर पंपाचा महाग पर्याय आला. वाटून घेतलेली जबाबदारी सुटली, म्हणून स्वस्त ते महाग झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारखी संस्था ढीवर समाजाच्या स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन असे तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम करते आहे. तलावात देशी पाणवनस्पती लावल्या जातात, देशी मासे परततात. तेथे खर्च आहे. पण तो मुख्यतः हातांचा आहे, आणि त्याचे फळ त्याच हातांत पडते.

हीच गोष्ट आधुनिक वस्तूंतही दिसते. एलईडी दिवा आठवा. २०१४ च्या प्रारंभी सरकारी खरेदीत त्याची किंमत ३१० रुपये होती. सरकारी उपक्रमाने कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र केली, आणि २०१६ पर्यंत तीच किंमत ३८ रुपयांवर आली. सौर विजेचे तसेच. २०१० च्या सुमारास आपल्या देशातील पहिल्या लिलावांत ती युनिटला अकरा-बारा रुपयांच्या घरात होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर उतरली. ही उतरंड आपोआप झाली नाही. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने आपल्या घरगुती ग्राहकांच्या बिलावर वर्षानुवर्षे अधिभार लावला, त्या पैशांनी सौर पटांचे कारखाने वाढले, आणि जगाला स्वस्त सौर वीज मिळाली. त्यातही एक खोट होतीच. भरमसाट वीज जाळणाऱ्या बड्या उद्योगांना त्या अधिभारातून बरीचशी सूट होती, आणि म्हाताऱ्या पेन्शनराला नव्हती. २०२२ मध्ये तो अधिभार ग्राहकांच्या बिलातून काढून सरकारी तिजोरीवर घेण्यात आला. श्रीमंत देशातही बिल आधी चुकीच्या पत्त्यावरच गेले होते, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या राज्यातली तऱ्हा तर याहून गमतीची. मार्च २०२१ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने 'हरित दर' ठरवला. ज्या ग्राहकाला आपली सगळी वीज अपारंपरिक स्रोतांतून हवी असेल, त्याने युनिटमागे ६६ पैसे जादा भरावेत. लिलावात नवी सौर वीज कोळशाच्या विजेहून स्वस्त पडू लागली होती, त्या काळात हा दर आला. शंभर युनिटांना ६६ रुपये अधिक द्यायचे आणि पुण्य पदरात पाडायचे! ज्याला परवडते तो हे पैसे देईल आणि समाधानाने झोपेल. ज्याला परवडत नाही तो प्रदूषक ठरेल. विजेच्या तारेतून दोघांकडे येणारी वीज मात्र एकच असेल. हिरवेपणाचे असे विकत घेण्याजोगे प्रमाणपत्र झाले की तो सद्गुण राहत नाही; ती मिरवण्याची वस्तू होते.

छतावरच्या सौर विजेचेही पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला तीस हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण ज्याचे छत पक्के, ज्याच्या हाती उरलेली रक्कम, आणि ज्याचे बिल मोठे, त्याचाच फायदा मोठा. कवेलूंच्या घराला आणि दोन दिव्यांच्या बिलाला या योजनेची वाट सहज सापडत नाही. २०२५ मध्ये राज्य शासनाने महिना शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालील घरांना जादा अनुदान देऊ केले, हे स्वागतार्ह आहे; पत्ता सुधारता येतो याचा तो पुरावाच आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे आहेत. वाटणी बरीच न्याय्य आहे. पण कोरडवाहू धानाच्या एका एकरावर जगणाऱ्याला ते दहा टक्केही सावकाराकडूनच आणावे लागतात, आणि मग सूर्याच्या उजेडाला व्याज चढते.

आता आपल्या दारी येऊ. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक दिले. त्याच्या आधारे आपल्याकडे बोलताना एकच मुद्दा पुढे केला जातो : खरेदी हे नुसते आर्थिक नव्हे, नैतिक कृत्य आहे. तो मुद्दा त्यात आहे, आणि त्याआधी पोप बेनेडिक्ट यांनीही तो मांडला होता. पण त्याच परिपत्रकात हेही आहे की, ज्यांनी जगाची हवा बिघडवून आपली भरभराट केली, त्यांचे गरीब देशांप्रती ऋण आहे. आणि गरीब देशांना सौर ऊर्जा परवडावी म्हणून अनुदानाची आणि साहाय्याची व्यवस्था उभारली पाहिजे. पहिले अर्धे आपण प्रवचनासाठी उचलले; दुसरे अर्धे, ज्यात खिशाला हात घालावा लागतो, ते तसेच ठेवले.

विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट आपण अशीच अर्धी सांगतो. तिने आपल्या गरिबीतून सर्वस्व दिले, म्हणून तिचे कौतुक. पण संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या त्याच बाराव्या अध्यायात, त्या गोष्टीच्या अगदी आधी, प्रभू येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध करतो. ही दोन वचने शेजारी आली, ती उगाच नव्हे. विधवेचे दान थोर आहे. तिच्याकडून ते उकळणारी व्यवस्था थोर नाही. चुलीपुढच्या बाईला 'थोडे महाग पडले तरी गॅसच वापर' असे सांगणारा माणूस दोन नाणी मागतो आहे. आपण ती मागू नयेत.

मग करावे काय? शासनाकडे एक मागणी आपण निःसंकोच करावी : जो अधिक वापरतो त्याच्या दरात अधिभार चढवा, आणि जो पहिली रक्कम भरू शकत नाही त्याची पहिली रक्कम सार्वजनिक तिजोरीतून भरा. 'अनुदानाने माणूस परावलंबी होतो' हे वाक्य यावर हमखास फेकले जाते. गंधक न काढलेल्या कोळशाच्या विजेलाही अनुदान आहेच. ते खेड्यातली माणसे आपल्या फुप्फुसांतून देतात. त्या अनुदानावर आपण सगळे अवलंबून आहोत, आणि आपल्याला कोणी परावलंबी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट गुंतवणुकीची. जानेवारी २०२३ मध्ये भारत सरकारने पहिले हरित कर्जरोखे काढले. त्या आणि पुढच्या महिन्यात मिळून सोळा हजार कोटी रुपये उभे राहिले. गुंतवणूकदारांनी त्यांवर नेहमीच्या रोख्यांहून टक्क्याचा पाच-सहा शतांश भाग इतके कमी व्याज पत्करले. एवढाच त्यांचा त्याग. पुढे तोही बाजाराने फारसा मान्य केला नाही. आपल्या ठेवींचे काय? १९१८ मध्ये वसईच्या कॅथॉलिक समाजाने आपली सहकारी बँक काढली. थेंबे थेंबे जमवलेल्या ठेवींतून शेजाऱ्याची नड भागवायची, हा सहकाराचा मूळ धडा. आज आपल्या धर्मग्रामांच्या आणि सुखवस्तू कुटुंबांच्या ठेवी त्या पहिल्या ठेवीदारांच्या कल्पनेपलीकडे वाढल्या आहेत. त्यांतला लहानसा भाग फिरत्या निधीत ठेवून, विदर्भातल्या धर्मग्रामांच्या आणि तेथील बचतगटांच्या मार्फत, सौर पंपाच्या दहा टक्क्यांसाठी, टाकीच्या भरण्यासाठी, तलावाच्या पाळीसाठी नाममात्र व्याजाने देता येणार नाही काय? आपले व्याज एक-दोन टक्क्यांनी घटेल. तीच आपली हिरवी किंमत. ती आपल्याला परवडते; तिला परवडत नाही. 'आपण' हा शब्द त्या दिवशी खरा ठरेल.

आणि तिसरी गोष्ट अगदी लहान. मार्च २०१८ पासून महाराष्ट्रात थर्मोकोलच्या ताटांना बंदी आहे. सणावारी, लग्नाच्या जेवणावळीला आता पानांच्या पत्रावळी येतात. त्या महाग आहेत, अशी कुरकुर होते. गोंदियाच्या रानात पळसाला तोटा नाही. तेथील बाया पाने तोडून, काड्यांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. वाढीव पैसे द्यायचेच, तर ते कोणाच्या हातात पडतात हे एकदा विचारावे. शहरातल्या दुकानाच्या वेष्टनाला आणि हिरव्या छापाला ते जात असतील, तर आपण फसलो. टाचणाऱ्या बाईला जात असतील, तर तिला टाकी भरण्यासाठी आपल्या उपदेशाची गरज उरणार नाही.